अटल सेतू रिकामा दिसतो, म्हणून पैसे पाण्यात गेले का?

नवी मुंबईजवळच्या उलव्यात घर घेतलेल्या एका बाईंचा प्रश्न आहे. घर घेताना बिल्डरने सांगितलं होतं, पूल झाला की फोर्ट वीस मिनिटांवर. पूल झाला. पण जाऊन-येऊन रोजचे टोलचे ३७५ रुपये परवडत नाहीत म्हणून त्या अजून लोकलच पकडतात. सासरे म्हणतात, सतरा हजार कोटी पाण्यात घातले, कधीही बघा पूल मोकळाच. नवरा म्हणतो, दहा वर्षं थांबा, मग बोला. यात खरं कोणाचं, आणि एवढ्या खर्चाच्या पुलाबद्दल शंका घेतली की माणूस लगेच विकासविरोधी ठरतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

शंका घेणं रास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण सासऱ्यांनी जो पुरावा पुढे केला आहे तो टिकत नाही. मोकळा रस्ता पाहून पूल फसला असं ठरत नाही. फार तर टोलचा दर चुकला असं ठरतं. माझी सगळी नोकरी रस्ते-पुलांच्या वाहतुकीचे अंदाज बांधण्यात गेली. बँकेने कर्ज द्यायचं की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आकडा काढणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा खांब आणि तुळयांबद्दल जपून बोलेन, टोलनाक्याबद्दल जरा मोकळेपणाने.

आधी 'रिकामा' म्हणजे काय ते बघू. शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. सहा लेन. कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा, म्हणजे एक गाडी पुलावर जेमतेम तेरा मिनिटं असते. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हा रोज ७० हजारांहून जास्त वाहनं जातील असं सांगण्यात आलं होतं. पहिल्या वर्षात गेली सुमारे ८३ लाख, म्हणजे दिवसाला पावणेतेवीस हजारांच्या आसपास. आता साधं त्रैराशिक मांडा. पावणेतेवीस हजार वाहनं चोवीस तासांत विभागली तर कोणत्याही क्षणी अख्ख्या पुलावर दोन्ही दिशा मिळून दोनशेच्या आसपास गाड्या असतील. एका लेनमध्ये एका गाडीपासून दुसरी गाडी सहाशे मीटरवर. रिकामा वाटणारच.

गंमत पुढे आहे. अंदाजाप्रमाणे खरोखर ७० हजार गाड्या धावल्या असत्या तरी एका लेनमध्ये दोन गाड्यांत सरासरी दोनशे मीटर अंतर राहिलं असतं. तुमच्या सासऱ्यांनी तेव्हाही पूल मोकळाच म्हटलं असतं. वेगवान, लांब रस्ता नीट चालत असेल तर तो रिकामाच दिसतो. भरलेला दिसतो तो सायन-पनवेल महामार्ग, आणि त्याला कोणी यशस्वी म्हणत नाही. उलट टोकाला, उद्घाटनानंतरच्या पहिल्या रविवारी अटल सेतूवर साठ हजारांवर वाहनं आली होती. लोक गाड्या थांबवून सेल्फी काढत होते, पोलीस दंड करत होते. तो आकडा वाहतुकीचा नव्हता, जत्रेचा होता.

म्हणून डोळ्यांवर जाऊ नये. पण ७० हजार सांगून पावणेतेवीस हजार का, हा प्रश्न उरतोच, आणि तो माझ्या धंद्याला विचारलेला आहे.

अंदाज बांधताना आम्ही शहराचे लहान लहान विभाग पाडतो. कुठे किती घरं, कुठे किती नोकऱ्या, कोण कुठून कुठे जातो, हे मांडतो. मग या माणसांपुढे दोन रस्ते ठेवतो, एक फुकटचा पण वेळखाऊ, दुसरा झटपट पण पैसे घेणारा, आणि कोण कुठला निवडेल ते काढतो. सगळा खेळ एका आकड्यावर उभा असतो: माणूस आपला एक तास वाचवायला किती रुपये मोजेल? त्याच्यावर रचायची गृहीतकं. विमानतळ अमुक साली सुरू होईल, जोडरस्ते तमुक साली पूर्ण होतील, पलीकडे इतकी वस्ती वाढेल, दुसऱ्या रस्त्याचा टोल इतकाच राहील. प्रत्येक गृहीतक वेगवेगळं पाहिलं तर समंजस वाटतं. पण ती एकमेकांना गुणली जातात. चार गृहीतकं प्रत्येकी ऐंशी टक्के खरी ठरली तरी हातात एक्केचाळीस टक्केच उरतात. शिवाय अंदाज बांधणाऱ्याची फी जो देतो त्याला बहुधा प्रकल्प हवाच असतो. कोणी आकडा फुगवायला सांगत नाही. फक्त आकडा कमी आला की "जरा परत बघा" म्हणतात, आणि जास्त आला की म्हणत नाहीत. एवढंही पुरतं.

हे मुंबईपुरतं नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूब्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले. रेल्वेच्या दर दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासीसंख्येचे अंदाज फुगलेले होते. रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांत २० टक्क्यांहून जास्त फरक होता. सर्वसामान्य माणूस मोठ्या पुलाचा आकडा ऐकून भुवई उंचावतो तेव्हा तो अडाणीपणा करत नाही. या अभ्यासातून निघालं तेच तो अनुभवाने ओळखतो.

आता अटल सेतूची गृहीतकं एकेक करून बघा. नवी मुंबई विमानतळ हे पुलाचं मोठं गिऱ्हाईक. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं उडायला लागली २५ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे पूल खुला झाल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी. शिवडीकडच्या टोकाला पूल पूर्व मुक्त मार्गाला मिळतो, ते चांगलं आहे; पण वरळीकडे जायचं तर शिवडी-वरळी जोडमार्ग हवा. तो रखडला, आणि त्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल पाडायला बंद केला तोच मुळी सप्टेंबर २०२५ मध्ये. चिर्ल्याकडून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापर्यंत सरळ नेणारा दुवाही पुलाबरोबर तयार नव्हता. समुद्रावरचे साडेसोळा किलोमीटर दहा-बारा मिनिटांत पार करून माणूस दोन्हीकडे सिग्नलला उभा राहतो. लोक वेळ मोजतात तो घरापासून कचेरीपर्यंतचा. पुलावरचा वेळ फक्त उद्घाटनाच्या भाषणात मोजतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच अंदाजात नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. त्यात वाशीचा नाका आला. त्याआधी वाशीला कारला ४५ रुपये पडत होते आणि अटल सेतूला २५०, फरक २०५ चा. एका रात्रीत वाशी फुकट झाली आणि फरक पूर्ण २५० झाला. एका खात्याने पूल बांधायचा आणि त्याच सरकारने शेजारचा रस्ता फुकट करायचा. मग अंदाज करणाऱ्याने काय जपमाळ ओढायची?

ट्रकांबद्दलचाही एक गैरसमज दूर करतो, कारण "एवढं मोठं बंदर समोर असून ट्रक का नाहीत" असं नेहमी विचारलं जातं. जेएनपीए बंदर मुख्य भूमीच्या बाजूलाच आहे. तिथला कंटेनर पनवेलमार्गे देशात आत जातो, भिवंडीला जातो, पुण्याला जातो. त्याला मुंबई बेटावर यायचं कारण काय? अवजड गाड्यांवर दक्षिण मुंबईत वेळेची बंधनं आहेत ती वेगळीच. त्यामुळे या पुलावर मुख्यतः कार दिसतात, आणि पुढेही दिसतील.

तुमच्या स्वतःच्या हिशेबाकडे येतो. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर ३७५ रुपयांनी ८,२५० होतात, पेट्रोल आणि फोर्टातलं पार्किंग सोडून. मासिक पास आहे, पण तो १२,५०० चा, म्हणजे एकेरी टोलच्या पन्नास पट. रोज एकदा जाऊन-येऊन करणाऱ्याला पासापेक्षा सुटा टोल स्वस्त पडतो! तो पास टॅक्सीवाल्यांसाठी असेल. नोकरदारांसाठी नक्कीच नाही. ज्या दिवशी पूल खुला झाला त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकलही सुरू झाली. तुम्ही लोकल पकडता यात पुलाचा अपमान नाही, तुमचं गणित बरोबर आहे.

आणि नेरूळ-वाशीची माणसं? त्यांना पुलाचा फारसा उपयोगच नाही. नवी मुंबईची मुख्य वस्ती वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात. पूल उतरतो त्याच्या दक्षिणेला. फायदा उलवे, उरण, पनवेल, अलिबागच्या बाजूचा आणि पुण्याहून येणारा-जाणारा माणूस घेतो.

मग हा पूल बांधायलाच नको होता का? इथे थोडं मागे जावं लागेल, कारण शंका आजची नाही. शिवडी-न्हावा जोडणीची, म्हणजे याच पुलाची कल्पना १९६३ सालच्या विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागारांच्या अहवालातली. १९६५ च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची मांडणी केली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. पण मुंबईतून पलीकडे जायला १९७३ मध्ये पूल झाला तो वाशीला, म्हणजे उत्तरेकडे लांब वळसा घालून. जुळं शहर वसलं ते त्या पुलाच्या तोंडाशी. अटल सेतूच्या पायथ्याशी वस्ती का नाही, याचं उत्तर तिथे पन्नास वर्षं पूल नव्हता हेच आहे. नवऱ्यांच्या "दहा वर्षं थांबा" या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच: पूल वस्तीच्या मागून आला तर पहिल्या दिवसापासून भरतो, वस्तीच्या आधी आला तर वाट बघतो.

पण त्याआधी, या पुलावर सर्वात मोठी शंका घेणारे लोक कोण होते ठाऊक आहे का? सामान्य जनता नव्हे. ज्यांना स्वतःचे पैसे घालायचे होते ते. २००८ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा दोन्ही बोली अंबानी बंधूंच्या दोन गटांच्या होत्या. एकाने टोलवसुलीसाठी ९ वर्षं ११ महिने मागितले, दुसऱ्याने ७५ वर्षं. पूल तोच, खाडी तीच! एवढं अंतर पडलं की समजावं, गाड्या किती येतील हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. तो सौदा फिसकटला, पुन्हा निविदा काढल्या तर कोणी फिरकलं नाही. २०१३ मध्ये परत प्रयत्न झाला. खर्च तेव्हा ९,६३० कोटी धरला होता, केंद्र-राज्य मिळून चाळीस टक्क्यांपर्यंत मदत देऊ केली होती. पाच कंपन्या पात्र ठरल्या आणि एकीनेही बोली लावली नाही. मग सरकारने जपानच्या जायका संस्थेचं कर्ज काढलं, एमएमआरडीए या राज्याच्या विकास प्राधिकरणाने कंत्राटं दिली, २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि १७,८४० कोटींच्या वर खर्च जाऊन २०२४ मध्ये पूल उभा राहिला.

एवढा खर्च का, हेही अनेकांना खुपतं. खाडीच्या तळाशी तेलवाहिन्या आणि केबली आहेत, वरून जहाजं जातात. तिथे खांब कुठेही रोवता येत नाहीत, म्हणून गाळे, म्हणजे दोन खांबांमधले टप्पे, लांब घ्यावे लागले, सर्वात लांब १८० मीटरचे. त्यासाठी ऑर्थोट्रॉपिक, म्हणजे खालून पट्ट्या जोडून कडक केलेल्या पोलादी डेकचे सत्तर गाळे वापरले. त्यांचे भाग जपान, व्हिएतनाम, म्यानमार, तैवानमध्ये घडवून करंजाला जोडले आणि तराफ्यांवरून नेऊन बसवले. हे काम उत्तम झालं आहे. त्यात मला खोट काढायची नाही.

खोट आहे ती वसुलीच्या भाषेत. रोजचे परतीचे प्रवासी धरता एका वाहनामागे सरासरी २०० रुपये मिळतात असं ढोबळ मानू. ८३ लाख वाहनांचे १६६ कोटी झाले. १७,८४० कोटींना याने भागा: व्याज शून्य आणि देखभाल फुकट धरली तरी शंभर वर्षांहून जास्त लागतात, आणि पुलाचं आयुष्यच शंभर वर्षांचं धरलेलं आहे. बरं, ७० हजार वाहनं धरून बघा. वर्षाला ५११ कोटी, तरीही पस्तीस वर्षं, पुन्हा व्याज आणि देखभाल सोडून. २०१३ च्या त्या पाच कंपन्या काही वेड्या नव्हत्या. त्यांनी हेच गणित केलं.

म्हणजे हा पूल टोलमधून वसूल होणारा कधीच नव्हता. ते मला लांच्छनास्पद वाटत नाही. पाणीपुरवठा, लोकल गाड्या, शाळा यांतलं काहीही तिकिटातून वसूल होत नाही. पुलाचा फायदा टोलनाक्यावर जमा होत नाही. तो वाचलेल्या वेळेत, सायन-पनवेलवर कमी झालेल्या गर्दीत आणि, खरं सांगायचं तर, सर्वात जास्त उलवे-पनवेलच्या जमिनींच्या भावांत जमा होतो. तुमच्या बिल्डरने "वीस मिनिटं" विकली तेव्हा पुलाच्या खर्चातला एक रुपयाही त्याने दिला नव्हता, पण पुलाची किंमत त्याने तुमच्याकडून चौरस फुटामागे वसूल केली. सरकारला पैसे मिळवायचे होते तर ते तिथून मिळवायला हवे होते. ते राहिलं, आणि टोल मात्र तुमच्यावर आला. घर घेताना एकदा आणि नाक्यावर दुसऱ्यांदा, असे तुम्ही दोनदा मोजता आहात.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे. १८४४ मध्ये झ्यूल द्युप्वी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने सार्वजनिक कामांच्या उपयुक्ततेवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवलं की पूल बांधून झाला आणि त्यावर जागा शिल्लक असेल, तर आणखी एक माणूस पलीकडे जाऊ देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा पुलावर टोलमुळे जो माणूस परत फिरतो, त्याचा फायदा बुडतो आणि कोणाच्याच खिशात काही पडत नाही. निव्वळ नासाडी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे आजही शिकवतात. आणि आपल्याकडे? त्याच दशकात मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. रस्ता बांधायला सरकारकडे पैसे नव्हते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी आधी एक लाख आणि खर्च वाढल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले. अट एकच घातली: लोकांकडून टोल घ्यायचा नाही. द्युप्वीने जे गणिताने सिद्ध केलं ते माहीमला त्या बाईंनी अटीत लिहून घेतलं. खर्च वाढला तेवढी परंपरा मात्र आपण नेटाने चालवली आहे.

अटल सेतूवर जागा किती शिल्लक आहे? दिवसाच्या वाहतुकीचा नऊ-दहा टक्के भाग गर्दीच्या तासात येतो असं धरा, त्यातला साठ टक्के एका दिशेला. बाराशे ते चौदाशे गाड्या झाल्या. एवढ्या गाड्या एका लेनमध्ये मावतात. तीन आहेत. २५० रुपयांचा दर ठेवून आपण दोन लेन रिकाम्या ठेवण्याचे पैसे घेतो आहोत. त्यात विसंगती बघा: पश्चिमेला तेरा हजार कोटींच्या वर खर्चून महापालिकेने सागरी किनारा मार्ग बांधला, तो कारवाल्यांना फुकट. वाशी फुकट. फक्त उलव्याच्या माणसाने वापरकर्ता-शुल्काचं तत्त्व पाळायचं. २०२५ मध्ये विजेवरच्या गाड्यांना माफी मिळाली, ती ठीक आहे, पण महागडी विजेची गाडी घेऊ शकणाऱ्यालाच सवलत देण्यात कुठली दूरदृष्टी, हे मला उमगलेलं नाही.

इतर बेटांनी काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर पूल हवा की नको यावर १९८८ मध्ये जनमत घेतलं. ५९.४ टक्के लोक हो म्हणाले, म्हणजे चाळीस टक्के शंकेखोर होतेच. १२.९ किलोमीटरचा पूल १९९७ मध्ये झाला. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. बेट कॅनडात सामील झालं तेव्हा मुख्य भूमीशी कायम दळणवळण ठेवण्याचं वचन केंद्र सरकारने दिलं होतं, त्यापायी ते बोटसेवेला दरवर्षी अनुदान देत असे. तेच अनुदान पुलाकडे वळवलं. लोकांना नवा खर्च म्हणून काही सांगावं लागलं नाही. जुना खर्च नव्या जागी गेला. टोल मात्र वाढत वाढत कारला पन्नास डॉलरच्या वर गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो वीसवर आणला.

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाची गोष्ट याच्या उलट. १९९५ मध्ये खाजगी पैशातून पूल झाला आणि त्याबरोबर बोट बंद झाली. म्हणजे टोल भरा नाहीतर घरी बसा. लोकांनी टोल द्यायला नकार दिला, शंभरहून अधिक जणांना कोर्टाने दोषी ठरवलं, आणि तरी ते हटले नाहीत. शेवटी सरकारने पूल विकत घेतला आणि डिसेंबर २००४ मध्ये टोल गेला. तिथल्या लोकांना पूल हवा होता. त्यांचा राग अटींवर होता. आपल्याकडे वाशीचा रस्ता आणि लोकल आहे म्हणून तसा उद्रेक होणार नाही. लोक निमूटपणे दुसऱ्या रस्त्याने जातील, आणि त्याला "प्रतिसाद कमी" म्हटलं जाईल.

तुमच्या परिस्थितीला सर्वात जवळचा पूल म्हणजे डेन्मार्कचं कोपनहेगन आणि स्वीडनचं माल्मो जोडणारा ओरेसुंड. २००० साली सुरू झाला तेव्हा गाड्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी, वर्तमानपत्रांत टिंगल. नंतर रोज ये-जा करणाऱ्यांना टोलमध्ये भरघोस सवलत दिली. डॅनिश लोकांनी माल्मोत स्वस्त घरं घ्यायला सुरुवात केली, आणि वाहतूक चढली. पण एक फरक विसरू नका: त्या पुलावर रेल्वे आहे. आपल्या पुलावर ना रूळ, ना दुचाकीला परवानगी, ना रिक्षाला. साध्या माणसाला या पुलावर चढायचा रस्ता एकच, तो म्हणजे बस. आणि बस किती? एसटीच्या शिवनेरी, बेस्टची एखादी वातानुकूलित सेवा, नवी मुंबई परिवहनच्या मोजक्या फेऱ्या. सतरा हजार कोटींचा पूल आणि त्यावर बसचं वेळापत्रक बोटांवर मोजण्याइतकं, ही माझ्या मते या प्रकल्पातली सर्वात मोठी उणीव आहे.

इटलीत मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून सिसिलीला जोडणाऱ्या पुलावर दोन पिढ्या वाद चालू आहे. ३,३०० मीटरचा एकच गाळा, साडेतेरा अब्ज युरो. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी समितीने मंजुरी दिली, ऑक्टोबरमध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने ती नोंदवायला नकार दिला. १९०८ चा भूकंप लोक विसरलेले नाहीत, पण न्यायालयाने बोट ठेवलं ते कंत्राटाच्या आणि पर्यावरणाच्या नियमांवर. पूल उभा राहील की नाही हे अभियंते सांगतात. कोणत्या कागदावर उभा राहील हे विचारणारी संस्था त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे हा प्रश्न पूल झाल्यावर विचारला जातो.

अटल सेतूबद्दलच्या काही शंका मात्र मला पोकळ वाटतात. जून २०२४ मध्ये "पुलाला भेगा" म्हणून गदारोळ झाला. त्या उलव्याकडच्या तात्पुरत्या जोडरस्त्याच्या डांबराच्या कडेला होत्या, मुख्य पुलाला नव्हत्या. खांब-तुळयांची चिंता करायची तर पंचवीस-तीस वर्षांनंतरची करा. १९७३ चा पहिला ठाणे खाडी पूल आठवा: खारट हवेने आतल्या ताणलेल्या तारांना गंज धरला, बाहेरून आधार द्यावा लागला, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. अटल सेतूचं तंत्र त्या मानाने खूप पुढचं आहे, पण समुद्रावरच्या पोलादाला रंग लागतोच आणि त्याला दरवर्षी पैसे लागतात. टोल कमी करायचा तर देखभालीचा निधी वेगळा बांधून ठेवावा लागेल, हे मी विसरलेलो नाही. शिवडीच्या चिखलपट्ट्यावरच्या फ्लेमिंगोंचं काय झालं हे एखाद-दुसऱ्या हंगामाच्या फोटोंवरून कोणी ठरवू नये, ना बाजूने ना विरोधात. मच्छीमारांचा प्रश्न वेगळा. त्यांना भरपाई मिळाली तरी ती एकदाच मिळते आणि मासेमारीची जागा कायमची बदलते. या पुलाच्या हिशेबात ज्यांचं नुकसान आधी झालं आणि फायदा सर्वात शेवटी होईल, असे ते आहेत.

माझ्या हातात असतं तर कारचा टोल निम्म्यावर आणला असता, सकाळ-संध्याकाळ रोज जाणाऱ्यांसाठी वीस-पंचवीस फेऱ्यांचा खराखुरा पास काढला असता, बसला टोल शून्य ठेवून उलवे ते फोर्ट गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी बस सोडली असती. टोल निम्मा केल्यावर गाड्या दुप्पट होतील असं मी म्हणत नाही. वसुली थोडी घटेल. ती आताही कर्जापुढे नगण्यच आहे.

तुमच्या घराबद्दल: वस्ती वाढेल, विमानतळामुळे नोकऱ्याही येतील, तेव्हा घर घेऊन फसलात असं मला वाटत नाही. पण बिल्डरची वीस मिनिटं गाडीची होती, तुमचा प्रवास लोकलचा आहे, हा फरक बसशिवाय मिटणार नाही. सासऱ्यांना माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असेल तर एकूण वाहनसंख्या मागू नका, ती तशीही जाहीर होते. तासागणिक आणि दिशेनुसार वाहनं मागा, बसच्या फेऱ्या आणि त्यांतले प्रवासी मागा, टोलच्या उत्पन्नातून देखभालीसाठी किती बाजूला ठेवले ते मागा, आणि ७० हजारांचा अंदाज ज्या अहवालातून आला त्यातली गृहीतकांची पानं मागा. शेवटचं मिळवायला बहुधा अपील करावं लागेल.